सुईच्या टोकावरची ढोलकी

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातला कान ढोलकी, हलगी आणि तुणतुणं समोर बसून ऐकत तयार झालेला आहे. त्या कानाला मोबाइलवरची जुनी लावणी अनेकदा सपक लागते, आणि दोष डिजिटलच्या माथी मारला जातो.

तो निवाडा घाईचा आहे. 1982मध्ये आलेल्या सीडीत सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे 96 डेसिबल असतं. एलपीत ते 60-70च्या घरात. मोजमापात सीडी सरस आहे. बिघडतं ते जुनं ध्वनिमुद्रण डिजिटल करताना. खरखर काढण्याच्या नादात घुंगरांची वरची किणकिण पुसली जाते. सगळंच मोठं ऐकू यावं म्हणून ढोलकीची थाप आणि गाणारीचा श्वास एका पातळीवर आणला जातो. अशा वेळी 'सांगत्ये ऐका' किंवा 'पिंजरा'ची घरातली तबकडी खरोखर बाजी मारू शकते, पण ती नीट वाजवली तरच.

नीट म्हणजे काय, हे समजायला खोडद जवळ आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी म्हणून हा परिसर निवडला गेला. क्षीण संकेत वाढवायचा, पण त्याच्यासोबत गोंगाट वाढू द्यायचा नाही, ही तिथली कसोटी. रेकॉर्ड प्लेअरची कसोटीही तीच. चुंबकीय कार्ट्रिजमधून जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून सुमारे 2 व्होल्ट. म्हणून अर्थिंग कच्चं असलं की गाण्याआधी 50 हर्ट्झची घरघर ऐकू येते. प्लेअरची अर्थची बारीक तार अँप्लिफायरला जोडावी आणि सिग्नलची वायर विजेच्या वायरीपासून लांब ठेवावी. एवढ्यानं बरीच घरघर जाते.

दुसरी गोष्ट फोनो प्रीअँपची. एलपी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. फोनो प्रीअँप ते उलटवतो. तो वगळून चुंबकीय कार्ट्रिज थेट साध्या इनपुटला जोडलं की ढोलकीची धुम हरवते, उरते फक्त चाटीची टिकटिक.

पैसे मात्र आधी सुईवर खर्चावेत. एलपीच्या सुईचं टोक सुमारे 0.018 ते 0.025 मिलिमीटर त्रिज्येचं, तर 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला सुमारे 0.075चं लागतं. एलपीची सुई लाखेच्या रुंद खाचेत तळाला घासते आणि तिथली माती वाजवते. लग्नाच्या कर्ण्यावर झिजलेल्या तबकडीत थोडी वेगळ्या मापाची सुई खाचेच्या न झिजलेल्या भागावर टेकते, आणि मेलेला आवाज उठतो. हा अनुभव थक्क करणारा असतो.

आजच्या बहुतेक चुंबकीय कार्ट्रिजना दीड-दोन ग्रॅम भार पुरतो. आणखी कमी केला तर तबकडी वाचेल असं वाटतं, पण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते.

भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते. तबकड्या उभ्या आणि कोरड्या ठेवाव्यात. धुवायला ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ कापड. लेबल भिजू देऊ नये. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीच लावू नये, लाख त्यात विरघळते.

माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर या दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारात देऊ नका. धुवा, योग्य सुईनं एकदा वाजवा आणि त्याच वेळी खरखर न गाळता 24 बिटमध्ये उतरवून घ्या. लेबलाचा फोटो आणि तबकडीचा क्रमांक त्या फाइलसोबत जपून ठेवा.