गॅदरिंग गाजलं म्हणजे मुलं शिकली का?

रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकरांचं जन्मगाव. रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतचा ऐवज बाळगणारं औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालयही इथून तासाभराच्या आत. तरी आसपासच्या वाडीवस्तीवरच्या शाळेला कलाशिक्षक मिळणं अवघडच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि त्या वर्गांचा पट शंभराच्या वर असेल तरच. लहान शाळेचा पट तिथवर कुठला जायला? मग एखादी संस्था, एखादा नाट्यकर्मी नाहीतर तबलजी शाळेशी जोडून घेतला जातो. ते चांगलंच. घोळ होतो तो पुढे, या खटाटोपातून काय साधलं हे ठरवताना.

गैरसमज : कार्यक्रम रंगला, उपक्रम यशस्वी

टाळ्या मिळतात त्या स्टेजवरच्यांना, आणि स्टेजवर बहुधा आधीपासूनच धीट असलेली मुलं असतात. सतरंजीवर बसलेल्यांचं काय झालं, हे गॅदरिंगच्या फोटोत दिसत नाही. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ नावाचा उपक्रम चालवते. नटमंडळी आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन मुलांसाठीच्या गोष्टी सादर करतात. हेतू असा की मुलं वाचनाकडे वळावीत. हेतू इतका नेमका असला की मोजायचं काय तेही आपोआप ठरतं : प्रयोगानंतर पुस्तकं उघडली गेली का, आणि ती कोणी उघडली? आपल्याकडे बरेचदा हेतूच्या जागी ‘सर्वांगीण विकास’ लिहून मोकळे होतात. तो कुठून आणि कसा मोजणार?

गैरसमज : कला मोजताच येत नाही

हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटतं, पण बहुतेक वेळा ते कामातून सुटण्यासाठी वापरलेलं असतं. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण या विषयांना त्यात संकलित परीक्षा नाही, सगळं मूल्यमापन आकारिक. म्हणजे वर्षभर निरीक्षण करायचं आणि वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र तयार वाक्यांच्या याद्या फिरतात. ‘चित्रकलेत रुची घेतो’, ‘रंगसंगती छान साधते’ अशी वाक्यं अख्ख्या वर्गाच्या नावापुढे आलटून पालटून पडतात. शिक्षकाला तरी किती दोष द्यावा, त्याच्या डोक्यावर दहा माहित्या भरायच्या असतात.

खरी नोंद वेगळी असते. जूनच्या चित्रात माणसाचे हात पोटातून फुटले होते, डिसेंबरच्या चित्रात ते खांद्यातून निघाले आणि एक कोपर वाकला. दोन्ही कागदांवर तारीख टाकून ते एका फायलीत ठेवले, की पुराव्यासाठी आणखी काही लागत नाही.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या निकालावर मात्र विसंबू नये. त्यातल्या अ श्रेणीमुळे दहावीला ७, ब मुळे ५ आणि क मुळे ३ वाढीव गुण मिळतात. हे खरं असलं, तरी परीक्षेला बसतात ती मुळात चित्र काढणारीच मुलं.

गैरसमज : गाणं-बजावणं शिकलं की गणित सुधारतं

देणगीदारापुढे हे वाक्य हमखास टाकलं जातं. पुरावा तितका उदार नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला ४२ सरकारी शाळांत चिठ्ठ्या टाकून अर्ध्या शाळांना स्थानिक कलासंस्थांची साथ दिली गेली. १०,५४८ मुलांचा हा अभ्यास बोवेन आणि किसिडा यांनी २०१९ मध्ये मांडला. गणित, वाचन, विज्ञान यांच्या गुणांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. लेखनाचे गुण थोडे वाढले, शिस्तभंगाच्या तक्रारींचं प्रमाण ३.६ टक्के-बिंदूंनी घटलं आणि दुसऱ्याबद्दलची कणव किंचित वाढली. माझ्या मते एवढं पुरेसं आहे. गणितासाठी गणिताचा शिक्षक नेमावा, तबल्याला त्या कामाला जुंपू नये.

गैरसमज : असा अभ्यास फक्त विद्यापीठांनी करायचा

अमेरिकेतल्याच आर्कान्सा राज्यात क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालय उघडलं, तेव्हा सहलीसाठी शाळांची रांग लागली. संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्या. काहींना आधी नेलं, काहींना नंतर, आणि दोघांची तुलना केली. १२३ शाळा आणि सुमारे अकरा हजार मुलं होती. पाहून आलेल्या मुलांना अनोळखी चित्राबद्दल अधिक बारकाईनं लिहिता आलं, आणि सर्वाधिक फायदा झाला तो खेड्यातल्या आणि गरीब शाळांतल्या मुलांचा.

रहिमतपूरच्या शाळेला औंधसाठी हेच करता येईल. सातवीच्या दोन तुकड्या असतील तर चिठ्ठी टाकून एक दिवाळीआधी न्यावी, दुसरी नाताळानंतर. मधल्या काळात दोन्ही तुकड्यांना पूर्वी न पाहिलेलं एकच चित्र दाखवून ‘यात काय चाललंय आणि तुला ते कशावरून वाटतं?’ एवढंच लिहायला सांगावं. कागदांवर नाव नको, तुकडी नको, फक्त क्रमांक असावा. ते वाचायला दुसऱ्या शाळेतले बाई किंवा गुरुजी बोलवावेत, आणि कोणती तुकडी औंधला जाऊन आली हे त्यांना शेवटच्या कागदापर्यंत सांगू नये.