सोसायटी नाखव्याची, खलाशी कुणाचा?

पापलेटचा भाव आपण विचारतो, ते ओढणाऱ्याचा पगार कोण विचारतं? कोकणातल्या बंदरांत मच्छीमार सहकारी सोसायट्यांचं वजन मोठं. डिझेलवरच्या कराचा परतावाही त्यांच्यामार्फतच येतो. पण सभासद बहुतेक नाखवे. रत्नागिरीच्या बोटींवर जाळं ओढणारा खलाशी मात्र अनेकदा थेट नेपाळहून आलेला. त्याला सोसायटीत मत नाही. भांडायचं कुणाशी? नाखवा म्हणतो, मीच कर्जात बुडालोय. आणि ते नेहमी खोटं नसतं!

मच्छीमार संघटनांचे मोर्चे निघतात ते डिझेल परताव्यासाठी, एलईडी मासेमारीविरुद्ध. तिथे नाखवा-खलाशी एकाच बाजूचे. पगाराचा विषय निघाला की गोची होते. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खलाशी गावी. युनियन बांधायची कधी?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००७ चा १८८ क्रमांकाचा करार सांगतो, खलाशाशी लेखी करार करा. तीन दिवसांहून जास्त समुद्रात असलेल्या बोटीवर २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्या. आपल्याकडे बराचसा व्यवहार तोंडी, उचल घेतली की हंगामभर बांधलेला. सोसायटीने परताव्याच्या अर्जासोबत खलाशाचा लेखी करार मागितला तरी पुष्कळ फरक पडेल. पण सभेत तसा ठराव मांडणार कोण, नाखवा?