२०२१ ची लग्नं कुठे गेली?

साताऱ्या-सांगलीकडच्या एखाद्या कॅथलिक चर्चमधली लग्नाची नोंदवही उघडलीत आणि २०२१ च्या नोंदी कमी दिसल्या, तर लगेच ‘लग्नं घटली’ असं लिहून मोकळे होऊ नका. (मोह मलाही होतो!) त्या एप्रिलअखेर राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, एवढीच परवानगी होती. मग साखरपुडा झालेली जोडपी थांबली, की दुसऱ्या गावी लग्न उरकून आली? त्यासाठी बाप्तिस्म्याची नोंदवही बघा. चर्चविधीने लागलेलं लग्न, ते कुठल्याही गावचं असो, बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवायचं आणि तिथे त्या नावापुढे नोंदवायचं, असा नियम आहे. मोडलेला साखरपुडा मात्र दोन्ही वह्यांत सापडत नाही. तिथे माणसांशीच बोलावं लागतं. आणि फादरना सोबत घेऊन गेलात, तर कोण मोकळेपणाने बोलेल?