वाफेचे वारसदार

पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमध्ये बॉयलरमेकर म्हणून आयुष्य घालवलेले एक काका आहेत. वय ऐंशीच्या पुढे. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझ्याजवळ वहीभर प्रश्न होते. शेडमध्ये इंजिने किती होती, कोणत्या वर्गाची, कोणते कोणत्या साली आले? काकांनी एकाही प्रश्नाला धड उत्तर दिले नाही. ते उठले, कोनाड्यातली लहान हातोडी घेतली आणि खिडकीच्या गजांवर एकेक टोला मारीत गेले. मग मला म्हणाले, यातला सैल कोणता ते सांगा. मला सगळे आवाज सारखेच वाटले. त्यांनी चौथ्या गजावर बोट ठेवले. हलवून पाहिला, तर खालच्या चौकटीत तो खरेच सुटलेला होता.

परभणीत माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत. गेली वीसेक वर्षे फावल्या वेळात मराठवाड्यातल्या रेल्वेची माहिती जमवतो. इतिहास म्हणजे जुनी वेळापत्रके, नकाशे आणि गॅझेटियर, अशी माझी तोवर समजूत होती. त्या दिवशी लक्षात आले की त्याचा एक मोठा भाग काकांच्या कानात आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. जगात काही ठिकाणी हौशी माणसांनी जुनी इंजिने दुरुस्त करून चालती ठेवली आहेत. त्यांनी नेमके काय वाचवले, आणि आपल्याला त्यातून काय घेता येईल, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

छोटी लाइन

मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. रुळांमधले अंतर एक मीटर, म्हणून मीटरगेज. आमच्याकडची माणसे तिला ‘छोटी लाइन’ म्हणत. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या स्टेशनांवरून कापूस मुंबईकडे जाऊ लागला. १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. पुढे १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेली.

पूर्णेहून हिंगोलीकडे जाणारा फाटा स्वातंत्र्यानंतर अकोला–खांडव्यापर्यंत पोहोचला आणि दक्षिणेची मीटरगेज उत्तरेच्या मीटरगेजला जोडली गेली. जयपूरची मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेने काचीगुड्याला जाई. एवढी रहदारी म्हटल्यावर पूर्णेला शेड आले, रेल्वे कॉलनी आली आणि अर्धे गाव भोंग्यावर उठू-बसू लागले. लहानपणी मामाकडे गेलो की इंजिनात पाणी भरणारा वॉटर कॉलम पाहणे हा आमचा मुख्य कार्यक्रम असे. आम्ही त्याला हत्तीची सोंड म्हणत असू.

इंजिने मुख्यतः दोन वर्गांची. वायपी प्रवासी गाड्यांसाठी आणि वायजी मालगाड्यांसाठी. त्यातली पुष्कळशी जमशेदपूरच्या टेल्कोत तयार झालेली. डिझेल आले तशी ती मागे पडली. १९९२ मध्ये देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम सुरू झाला, मनमाडकडून मोठी लाइन पुढे सरकत आली आणि २००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्गही बदलला. ही सोय हवीच होती. त्याबद्दल तक्रार करणारा मी नव्हे. पण छोट्या लाइनीबरोबर एक सबंध कसब नोकरीतून निवृत्त झाले.

वेल्समधले हौशी

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची पाटीच्या दगडाची वाहतूक करणारी एक चिमुकली रेल्वे होती. लांबी जेमतेम सात मैल, रुळांमधले अंतर सव्वादोन फूट. दगडाची खाण बंद पडली तरी सर हेन्री हेडन जोन्स या मालकाने स्वतःच्या हयातीत गाडी बंद करणार नाही असे ठरवले होते. १९५० मध्ये ते वारले. त्याच वर्षी टॉम रोल्ट या लेखकाने बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली आणि वर्गणीदारांची संस्था उभी राहिली. १४ मे १९५१ रोजी संस्थेची पहिली गाडी धावली. हौशी माणसांनी चालवायला घेतलेली जगातली ही पहिली रेल्वे.

काय होते त्यांच्याजवळ? स्लीपर कुजलेले होते. रूळ जागेवर आहेत ते गवताने धरून ठेवल्यामुळे, असा विनोद त्या काळी केला जाई. चालू स्थितीत एकच इंजिन होते, ‘डॉलगॉख’. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने प्रत्येकी २५ पौंडांना मिळाली. सुट्टीच्या दिवशी येऊन गवत कापणाऱ्या आणि स्लीपर बदलणाऱ्या या मंडळींत ‘थॉमस’ इंजिनाच्या बालकथा लिहिणारे पाद्री ऑड्री हेही होते. ते १९५२ मध्ये तेथे गार्डचे काम करीत. एकदा चहापाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंना स्टेशनवरच विसरून त्यांनी गाडी सोडली, आणि पुढे त्या फजितीचीच गोष्ट करून छापली.

हौशी म्हणजे वाटेल त्याने यावे आणि इंजिन हाकावे, असे मात्र नाही. नवा माणूस आधी क्लीनर होतो. तेलकट चिंध्यांनी इंजिन पुसता पुसता त्याला भाग ओळखू येतात. मग फायरमन, आणि परीक्षा देत देत काही वर्षांनी ड्रायव्हर. आपल्या शेडमधली शिडीही हीच होती: क्लीनर, फायरमन म्हणजे आपला आगवाला, शंटर आणि मग ड्रायव्हर. तिकडे शिक्षक, दंतवैद्य, कारकून ही शिडी स्वखुशीने चढतात. हे शिकायला इतकी वर्षे का लागतात, ते इंजिन पेटवण्याची रीत पाहिली की कळते.

थंड इंजिन जागे करणे

वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन धुऊन-पुसून रंगवणे सोपे असते. त्यात वाफ धरणे ही वेगळी गोष्ट. वायपी-वायजीच्या बॉयलरमध्ये दर चौरस इंचाला सुमारे २१० पौंड दाब असे. एवढा दाब सोसणाऱ्या भांड्यात एक कच्ची जागा राहिली तर तो बॉम्ब होतो.

बॉयलरच्या मागच्या टोकाला फायरबॉक्स, म्हणजे भट्टी, असते. तिच्या भिंतीबाहेर पाणी आणि त्याबाहेर दुसरी भिंत. या दोन भिंती एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून शेकडो दांडके त्यांना जोडून धरतात. त्यांना ‘स्टे’ म्हणतात. तापणे आणि निवणे यांच्या ताणाने एखादा स्टे आत मोडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. काही स्टेच्या टोकाला बारीक भोक ठेवलेले असते, म्हणजे मोडल्यावर तेथून पाणी झिरपून इशारा मिळतो. पण खरी परीक्षा हातोडीची. बॉयलरमेकर थंड भट्टीत शिरतो आणि एकेका स्टेवर टोला मारतो. शाबूत स्टे खणखणीत बोलतो, मोडलेला बद्द. काकांच्या खिडकीतला खेळ हाच होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादली पांढरी होते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तोच क्षार बॉयलरच्या नळ्यांवर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि धातू भाजून निघतो. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन निववून बॉयलर आतून धुवावा लागे. याला ‘वॉशआउट’ म्हणत.

मग पेटवणे. पाणी भरून लाकूड आणि तेलात भिजवलेल्या सुती चिंध्यांची आग आधी मंद लावतात. घाई केली तर एक भाग लवकर तापतो, दुसरा मागे राहतो आणि सांधे गळू लागतात. मोठ्या थंड इंजिनात वाफ तयार व्हायला रात्र लागते. चालू इंजिनात आगवाल्याचा एक डोळा कायम पाण्याच्या काचेवर असतो. भट्टीच्या छपरावरचे पाणी उतरले तर छप्पर लाल होऊन खचते. शेवटचा उपाय म्हणून तेथे शिशाचा बूच बसवलेला असतो. तो वितळला की वाफ आगीवर येते आणि आगवाल्याला सावध करते. बूच वितळू देणे ही आगवाल्याची नामुष्की समजली जाई.

यातले बरेचसे पुस्तकात सापडते. कोळसा भट्टीत पातळ आणि कोपऱ्यांपर्यंत पसरावा, असेही पुस्तक सांगते. पण डुलत्या फळीवर उभे राहून फावडे मनगटात कसे फिरवायचे, हे त्यात नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडूनच मिळते.

इंजिन आधी की कसब?

या प्रश्नाचे उत्तर देणारी दोन उदाहरणे मला सापडली. वेल्समध्येच बॅरी येथे वुडहॅम नावाच्या भंगारवाल्याचे आवार होते. त्याने शेकडो इंजिने विकत घेतली. पण मालडबे तोडणे सोपे म्हणून आधी ते तोडायला घेतले आणि इंजिने तशीच उभी राहिली. त्यातली २१३ इंजिने हौशी संस्थांनी पैसे जमवून सोडवून नेली. योगायोगाने इंजिने वाचली आणि कसब जिवंत असल्यामुळे त्यांतली कित्येक पुन्हा धावली.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. ‘ए-१’ वर्गाची ४९ इंजिने ब्रिटनमध्ये झाली आणि एकही उरले नाही. काही हौशी माणसांनी १९९० मध्ये ठरवले की पन्नासावे आपण बांधू. आठवड्याला एक ग्लास बिअरचे पैसे द्या, असे त्यांनी लोकांना आवाहन केले. जुने आराखडे होते, जाणकार होते. २००८ मध्ये ‘टॉर्नेडो’ हे कोरे करकरीत इंजिन स्वतःच्या वाफेवर चालले. अडचण बॉयलरची आली. एवढा मोठा बॉयलर करणारे ब्रिटनमध्ये कोणी उरले नव्हते. तो जर्मनीतल्या माइनिंगेनच्या कारखान्यात करून घ्यावा लागला, कारण तेथले हात थांबले नव्हते.

म्हणजे इंजिन नसताना कसबातून इंजिन उभे राहू शकते. कसब गेले तर शाबूत इंजिनाचाही चौथऱ्यावरचा पुतळा होतो.

आपल्याकडे

आपल्याकडे इंजिन, रूळ आणि चालवण्याचा अधिकार हे सर्व सरकारी रेल्वेकडे. त्यामुळे हौशी माणसाच्या वाट्याला शोधणे, सुचवणे आणि पाठपुरावा करणे येते. तेही थोडे नाही. माइक सॅटो हे एका रसायन कंपनीचे अधिकारी. त्यांनी १९६२ मध्ये पतियाळाच्या बांधकाम खात्याच्या आवारात तेथल्या जुन्या मोनोरेलचे अवशेष शोधून काढले. त्यातले एक इंजिन अमृतसरच्या रेल्वे कारखान्याने चालू केले. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उभे राहिले, त्यातही सॅटो यांचा मोठा हात होता.

१८५५ चे ‘फेअरी क्वीन’ १९०९ मध्ये निवृत्त झाले होते. रेल्वेच्या पेरांबूर कारखान्यातल्या कामगारांनी ते दुरुस्त केले आणि १९९७ मध्ये ते पुन्हा धावले. पुढे त्याचे भाग चोरीला गेले. ते नव्याने घडवून २०१७ मध्ये इंजिन परत रुळावर आले. १९९९ मध्ये इंडियन स्टीम रेल्वे सोसायटी स्थापन झाली. हरियाणातले रेवाडीचे १८९३ चे शेड आज वाफेच्या इंजिनांचे चालते घर आहे आणि पूर्णेला होती तशा वायजी वर्गाचे एक इंजिनही तेथे आहे.

महाराष्ट्रात नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये लहान प्रतिकृतींच्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले. एका माणसाचा छंद शहराचा ठेवा कसा होतो ते पाहायचे तर तेथे जावे.

पूर्णेला इंजिन परत आणावे, अशी मागणी मी करीत नाही. तशी मागणी करून निवेदनाचा फोटो छापून आणणे अवघड नाही. माझा हिशेब वेगळा आहे. वाफेच्या शेवटच्या वर्षांत भरती झालेला विशीतला आगवालाही आज साठीत आहे. बॉयलरमेकर, फिटर, ड्रायव्हर त्याहून मोठे. ज्यांच्या मनगटात हे काम होते त्यांच्यातली दरवर्षी काही माणसे जातात. मी नोंदी सुरू केल्या तेव्हा ज्यांच्याकडे बसत होतो त्यांतले दोघे आता नाहीत. एकाकडून इंजेक्टरने बॉयलरमध्ये पाणी कसे चढवतात ते विचारायचे राहून गेले. पुढच्या रविवारी येतो, म्हणालो होतो.

आता मी साल आणि आकडे नंतर विचारतो. आधी म्हणतो, करून दाखवा. मोबाइलवर हातांचे चित्रण करतो. वाचकांपैकी कोणाच्या घरी, वाड्यात, कॉलनीत शेडमधले कोणी असेल तर त्यांच्याजवळ या दिवाळीत तासभर बसावे. मोठे साहित्य लागत नाही.

माझ्या दुकानात काम शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा अलीकडे माझ्याबरोबर पूर्णेला येतो. वाफेचे इंजिन त्याने सिनेमातच पाहिले आहे. काकांनी त्याच्यासाठी अंगणात दहा लोखंडी गज रोवले आणि त्यातले काही मुद्दाम सैल ठेवले. पहिल्या खेपेला त्याचे तीन बरोबर आले. गेल्या महिन्यात सात. काकांनी हातोडी त्याच्याकडेच राहू दिली आहे.