पार्किंगचे पट्टे : दरपत्रके कशी पारखावीत?

नागपुरातील गृहनिर्माण संस्थांनी वाहनतळावरील पट्ट्यांसाठी आलेल्या दरपत्रकांतील केवळ अंतिम रक्कम पाहणे फसवे ठरते. कोणी धावत्या मीटरचा दर देतो, कोणी चौरस मीटरचा. १०० मिलिमीटर रुंदीचा १० मीटर पट्टा म्हणजे १ चौरस मीटर. प्रथम सर्व दर एकाच मापात आणावेत. मग साहित्य तपासावे. साधा रंग स्वस्त, पण लवकर झिजणारा. थर्मोप्लास्टिक महाग, पण टिकाऊ. रस्त्यांवर त्याचा थर साधारणतः २.५ मिलिमीटरचा असतो. जाडीचा उल्लेखच नसल्यास स्वस्ताईचे रहस्य तेथेच असू शकते. सफाई, जुने पट्टे खरवडणे, जीएसटी व हमी लेखी घ्यावी. ओलसर जमिनीवर रंग धरत नाही. म्हणून काम पावसाळ्यापूर्वी उरकावे आणि शेवटचा हप्ता प्रत्यक्ष मोजणीनंतरच द्यावा.