कोल्ड पोर्सिलेन म्हणजे काय? रीलमधलं 'हँडमेड पोर्सिलेन' खरं की खोटं, असं ओळखा

इन्स्टाग्रामवर 'हँडमेड पोर्सिलेन' लिहिलेली कानातली, फुलं, छोट्या मूर्ती तुम्ही पाहिल्या असतीलच. घरच्या गॅसवर दहा मिनिटांत पोर्सिलेन बनवायचे व्हिडिओही भरपूर आहेत. ते बघून वाशिम जिल्ह्यातल्या कामरगावात बसूनही हा व्यवसाय करता येईल, असं वाटतं. करता येईल, पण गॅसवर बनतं ते पोर्सिलेन नसतं. मग काय असतं? चला, समजून घेऊया.

खरं पोर्सिलेन कसं बनतं?

यात तीन मुख्य घटक असतात: केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्ज. वस्तू वाळवून आधी साधारण १००० अंश सेल्सिअसला भाजतात. मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, देऊन १२०० ते १४०० अंशांच्या भट्टीत पुन्हा भाजतात. या उष्णतेत फेल्डस्पार वितळतं आणि कणांमधल्या फटी भरून टाकतं. म्हणूनच पोर्सिलेनमध्ये पाणी मुरत नाही.

वाळताना आणि भाजताना वस्तू बरीच आक्रसते. त्यामुळे ती आधीच थोडी मोठी बनवावी लागते.

गंमत म्हणजे तुमच्या फोनच्या सर्किटवरचे शेकडो छोटे कपॅसिटरसुद्धा सिरॅमिकचेच असतात. तेही भट्टीत भाजूनच तयार होतात.

शेतातली काळी माती चालेल का?

नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना तडकते. शिवाय मातीत लोह असलं की भाजल्यावर रंग लालसर होतो. केओलिनमध्ये लोह फार कमी असतं, म्हणून ते पांढरं राहतं.

मग कोल्ड पोर्सिलेन काय आहे?

कॉर्नफ्लोअर आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद, त्यात थोडं तेल आणि लिंबाचा रस. हे मंद आचेवर घोटून गोळा करतात, आकार देतात आणि हवेत वाळवतात. भट्टी लागत नाही, म्हणून नाव 'कोल्ड'. यात चिनी माती अजिबात नसते.

फुलं, दागिने, शोपीस यासाठी हे मस्त आहे. पण पाण्यात ते मऊ पडतं आणि पावसाळ्यातली ओल त्याला सोसत नाही. चहाचा कप किंवा खाण्याची वाटी याची कधीच बनवू नका.

खरेदी करताना कसं ओळखाल?

- विक्रेत्याला विचारा: "किती तापमानाला भाजलंय?" खरा कारागीर लगेच आकडा सांगेल. "घरीच वाळवलंय" असं उत्तर आलं तर समजून जा.
- हाताने बघा: पोर्सिलेन थंड, कडक लागतं आणि हलकं टिचकी मारली की खणखणतं. कोल्ड पोर्सिलेन हलकं असतं, आवाज दबका येतो.
- मोबाईलचा टॉर्च: पातळ पोर्सिलेनमधून उजेड झिरपतो. लोणच्याच्या बरणीसारख्या जाड स्टोनवेअरमधून झिरपत नाही. पण फक्त यावर विसंबू नका, पातळ कोल्ड पोर्सिलेनमधूनही थोडा उजेड येतो.

पोर्सिलेन सांगून दुसरंच काही विकलं गेलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते.

स्वतः सुरू करायचं असेल तर?

घरचा ओव्हन साधारण २५० अंशांपर्यंतच जातो, त्यामुळे त्यात पोर्सिलेन होणार नाही. सुरुवातीलाच भट्टी विकत घेऊ नका. तयार पोर्सिलेन माती आणून वस्तू बनवा आणि भाजायला एखाद्या स्टुडिओची भट्टी भाड्याने मिळते का, ते विचारा. मात्र कच्ची वस्तू प्रवासात सहज फुटते, म्हणून पहिल्या खेपेला दोन-चारच न्या.

विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचा ग्रामोदय संघ कुंभारकाम आणि सिरॅमिकसाठी ओळखला जातो. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी तो उभा केला. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सिरॅमिकचं शिक्षण मिळतं.

आणि कोल्ड पोर्सिलेनच विकणार असाल, तर बिनधास्त विका. फक्त पोस्टमध्ये 'कोल्ड' हा शब्द आणि 'पाण्यापासून जपा' ही सूचना स्पष्ट लिहा. गिऱ्हाईक परत येतं ते अशा खरेपणामुळेच.

तुमच्या ओळखीत कुणी अशा वस्तू बनवत किंवा विकत घेत असेल, तर त्यांना हा लेख नक्की पाठवा.