मतपरिवर्तनाचा हिशेब मांडणारा गीतकार : कण्णदासन

कमल हासन आणि श्रीदेवी यांचा 'सदमा' (१९८३) मराठी रसिकांच्या परिचयाचा आहे. तो ज्या तमिळ चित्रपटावर बेतला होता, त्या 'मूंड्राम पिरै'मधील अंगाईगीत हे कण्णदासन यांचे अखेरचे चित्रपटगीत मानले जाते. मूळ चित्रपट १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यापूर्वीच, १७ ऑक्टोबर १९८१ रोजी, कवीचे शिकागो येथे निधन झाले होते.

कण्णदासन यांचे मूळ नाव मुथय्या. जन्म २४ जून १९२७ रोजी, कारैकुडीजवळच्या सिरुकूडलपट्टी गावात, चेट्टियार कुटुंबात. औपचारिक शिक्षण आठवीपर्यंतच. मात्र प्राचीन तमिळ काव्य त्यांनी आत्मसात केले आणि १९४९ च्या 'कन्नियिन कादली'पासून चित्रपटगीते लिहिली. संगीतकाराने चाल ऐकवावी, कवीने शब्द सांगत जावे आणि सहायकाने ते टिपून घ्यावेत, अशी त्यांची पद्धत होती. पुढे निर्माते झालेले त्यांचे पुतणे पंचू अरुणाचलम यांनीही हे काम केले. विश्वनाथन-राममूर्ती या संगीतकार जोडीसाठी लिहिलेल्या गीतांतून अभिजात काव्यातील कल्पना बोली तमिळमध्ये उतरल्या आणि सर्वसामान्यांच्या ओठी रुळल्या.

त्यांचे सार्वजनिक जीवन मात्र वळणावळणाचे होते. द्रविड चळवळीत ते निरीश्वरवादी म्हणून वावरले. दालमियापुरमचे नाव बदलून कल्लकुडी करावे, या मागणीसाठी १९५३ मध्ये झालेल्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास पत्करला. १९६१ मध्ये त्यांनी द्रमुकचा त्याग केला आणि पुढे काँग्रेसची वाट धरली. एकेकाळच्या या नास्तिकाने नंतर हिंदू धर्माचा अर्थ उलगडणारे 'अर्थमुळ्ळ इंदु मदम' दहा भागांत लिहिले आणि येशूच्या जीवनावर महाकाव्यही रचले.

या बदलांमुळे त्यांच्यावर टीका झाली. तथापि, त्यांनी आपला भूतकाळ झाकला नाही. 'वनवासम्' या आत्मचरित्रात चळवळीतील अनुभवांबरोबरच स्वतःचे दोष आणि व्यसनेही त्यांनी वाचकांसमोर मांडली. श्रद्धा, मोह आणि पश्चात्ताप हे त्यांच्या गीतांतील विषय अशा जगण्यातूनच आलेले होते.

गीतलेखनासाठीचा पहिला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार 'कुळंदैक्काग' (१९६८) या चित्रपटासाठी त्यांनाच मिळाला. 'चेरमान कादली' या कादंबरीला १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. चित्रपटगीत लिहिणाऱ्याला साहित्यिक म्हणावे काय, हा वाद मराठीलाही अपरिचित नाही. कण्णदासन यांच्यापुरते त्याचे उत्तर या दोन पुरस्कारांनी दिले आहे.